पाण्याला मालक अनेक, राखणदार कोणीच नाही

मंगळवार, दिनांक २१ मे २०२४. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या कुगाव येथून सायंकाळी एक प्रवासी बोट पैलतीरी, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातल्या कळाशी गावाकडे निघाली. बोटीत सात जण होते. उजनी जलाशयाच्या पाण्यावर असतानाच वादळी वारा सुटला, लाटांचे पाणी आत शिरले आणि बोट बुडाली. एक जण पोहत काठाला लागला. उरलेल्या सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत एक तरुण दांपत्य होते आणि त्यांची दोन लहानगी मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना बोट सापडली ती सुमारे ३५ फूट खोल पाण्यात. मृतदेह हाती लागले ते २३ मे रोजी, म्हणजे तिसऱ्या दिवशी.

त्याच २३ मे रोजी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध सुरू होता. शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. वाचवणारेही बुडाले. एकाच आठवड्यातील या दोन घटनांनी महाराष्ट्र हळहळला. पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, मदतीच्या घोषणा झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. नंतर पाऊस आला, उजनी भरली आणि विषय मागे पडला.

उजनीच्या पाण्यावरची ही पहिली दुर्घटना नव्हती. रविवार, ३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातील अजोती गावाजवळ याच जलाशयात सहलीसाठी आलेल्या दहा डॉक्टरांची बोट उलटली होती व त्यांतील चार जण बुडाले होते. त्या वेळीही बोटींची नोंदणी, जीवरक्षक जाकिटे, नावाड्यांचे प्रशिक्षण या गोष्टींची चर्चा झाली. सात वर्षांनंतर तीच चर्चा नव्या नावांनिशी पुन्हा झाली. एकदा घडला तो अपघात म्हणावा. पण तोच प्रसंग त्याच पाण्यावर, त्याच ऋतूत पुन्हा घडतो तेव्हा त्याला दैव म्हणून मोकळे होता येत नाही.

या जलाशयावर कायद्याचा हात पोहोचलाच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तो वाळूसाठी पोहोचला, मासळीसाठी पोहोचला. पाण्यावरून ये-जा करणाऱ्या माणसासाठी तो का पोहोचला नाही, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

बुडालेला रस्ता

इंदापूर तालुक्याचे स्थान विलक्षण आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम. शेजारच्या बारामती तालुक्यातून कऱ्हा वाहते, नीरेचा डावा कालवा जातो, आणि नीरेच्या पलीकडे सातारा व सोलापूर जिल्ह्यांची हद्द लागते. दुष्काळी पट्टा म्हणून ओळखल्या गेलेल्या या भागाचे जीवन प्रत्यक्षात पाण्याच्या काठाने घडले आहे.

भीमेवर उजनी येथे धरण बांधण्याचे काम १९६६ साली सुरू झाले व १९८० साली ते पूर्णत्वास गेले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाला 'यशवंतसागर' हे नाव मिळाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, परंतु फुगवट्याचे पाणी इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत अशा तीन जिल्ह्यांतील तालुक्यांत पसरले. या पाण्याने सोलापूरची तहान भागवली, उसाचे मळे फुलवले, साखर कारखाने उभे केले. त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. पण याच पाण्याखाली गावे गेली, शिवारे गेली, देवळे गेली आणि रस्तेही गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर वर येते. त्या वेळी दूरदूरचे लोक ते पाहायला जातात. मंदिर वर येते तसा जुना रस्ता मात्र परत येत नाही.

धरण होण्यापूर्वी भीमेच्या दोन्ही तीरांवरील गावे एकमेकांची शेजारी होती. सोयरिकी जुळलेल्या, जत्रा सामाईक, बाजार सामाईक. नदी अरुंद होती. उन्हाळ्यात ती पायी ओलांडता येई, पावसाळ्यात होडी असे. धरणानंतर हीच नदी कित्येक ठिकाणी काही किलोमीटर रुंद झाली. पैलतीरी दिसणारे गाव रस्त्याने गाठायचे तर एकीकडे भिगवण-डिकसळचा, नाहीतर दुसरीकडे टेंभुर्णीचा वळसा घ्यावा लागतो. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल रस्त्याच्या कामी आला खरा, परंतु जीर्ण झाल्यामुळे त्यावरून जड वाहने नेण्यास बंदी घालावी लागली. करमाळा तालुक्यातील कुगाव, चिखलठाण, ढोकरी, वांगी या बाजूच्या माणसाला इंदापूर, भिगवण किंवा बारामती गाठायचे असते ते हौस म्हणून नव्हे. कोणाचे शिक्षण तिकडे, कोणाचा दवाखाना तिकडे, कोणाची औद्योगिक वसाहतीतील नोकरी तिकडे, तर कोणाचे माहेर तिकडे. म्हणून तो बोटीत बसतो. मोटारसायकलसुद्धा बोटीत चढवतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. उजनीवरील बोट ही करमणूक नसून शासनाने पाण्याखाली घातलेल्या रस्त्याची ती जागा भरून काढते. ज्या सार्वजनिक हितासाठी रस्ता घेतला गेला, त्याच सार्वजनिक हिताने पर्यायी वाट सुरक्षित करून देणे हे उपकार नव्हेत, ते ऋण आहे. कुगाव आणि शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाला शासनाने मंजुरी दिली, ही या ऋणाची उशिराने का होईना, पण मिळालेली कबुली आहे. तथापि एका पुलाने एक वाट मोकळी होते. इतक्या लांबवर पसरलेल्या जलाशयाच्या काठावरील प्रत्येक गावाला पूल मिळणार नाही, आणि मच्छीमाराला व पर्यटकाला तर पाण्यावरच जायचे असते. बोट राहणारच आहे.

वारा, लाट आणि बोट

नदीवर नाव चालवणे आणि जलाशयावर नाव चालवणे यांत मोठे अंतर आहे. नदीच्या अरुंद पात्रात वाऱ्याला धाव घेण्यास जागा मिळत नाही. विस्तीर्ण जलाशयावर वारा कित्येक किलोमीटर मोकळा धावतो आणि जितका अधिक धावतो तितकी लाट उंच होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जमीन तापते, ढग दाटून येतात आणि दिवस मावळताना वळवाचा वारा एकाएकी सुटतो. समुद्रावरचा नावाडी क्षितिजावर ढग पाहून परत फिरतो. येथे शांत पाणी आणि खवळलेले पाणी यांच्यामध्ये कधी कधी अर्धा तासही नसतो. २०१७ ची दुर्घटना एप्रिलअखेरची आणि २०२४ ची मे महिन्यातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. मे २०२४ मध्ये उजनीचा उपयुक्त साठा केव्हाच संपला होता व धरण 'उणे' पातळीत होते. 'उणे' हा शब्द ऐकला की धरण कोरडे पडल्याचा समज होतो. वस्तुतः उजनीच्या एकूण साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. म्हणजे दरवाजे व कालवे यांतून जे पाणी सहज काढता येत नाही, ते पाणीही अफाट आहे. धरण 'उणे' असताना बोट ३५ फूट पाण्याखाली सापडते याचे कारण हेच. शिवाय पाणी उतरले की पूर्वीच्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. उतरण्याच्या जागा रोज बदलतात आणि काठाला गाळ साचतो.

तिसरी गोष्ट बोटीची. लहान बोटीचा काठ पाण्याच्या वर किती राहतो, यावर तिचे जगणे अवलंबून असते. माणसे वाढली, त्यांत मोटारसायकल चढली की हा काठ खाली येतो. एक मोठी लाट आत आली की आतले पाणी एका बाजूला धावते, घाबरलेली माणसे दुसऱ्या बाजूला सरकतात आणि तोल जातो. या सगळ्याला काही क्षणच लागतात. त्या क्षणांत पोहता येणे पुरेसे नसते. आईच्या कडेवर मूल असेल तर पट्टीचे पोहणेही कामी येत नाही. कामी येते ते अंगात आधीच घातलेले जाकीट. बोटीच्या कोपऱ्यात गाठोडे करून ठेवलेले जाकीट बोटीबरोबरच तळाला जाते. अंगात जाकीट असलेला माणूस शुद्ध हरपली तरी तरंगत राहतो. त्याला शोधण्यासाठी तीन दिवस आणि पाणबुडे लागत नाहीत.

कायदा आहे, त्याचा धनी कोण?

अशा दुर्घटनांनंतर 'कडक कायदा हवा' ही मागणी हमखास होते. वास्तविक कायद्यांची वाण नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही असुरक्षित किंवा वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या नावेतून भाडे घेऊन माणसे नेणे हा गुन्हा होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हा गुन्हा कायम ठेवला आणि दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. त्याच इंग्रजी अमदानीत, १८६८ साली, मुंबई इलाख्यासाठी तरी व अंतर्गत नौकांचा कायदा झाला. नदीवरील सार्वजनिक तरी, तिचा मक्ता, तिचे दर यांची व्यवस्था त्यात होती. १९१७ साली यांत्रिक बोटींसाठी स्वतंत्र कायदा आला.

संसदेने २०२१ साली 'अंतर्देशीय जलयान कायदा' संमत करून १९१७ चा जुना कायदा मागे घेतला. या नव्या कायद्याने यांत्रिक बोटींची तपासणी, नोंदणी, चालकाचे पात्रता प्रमाणपत्र, जीवरक्षक व अग्निशमन साधने आणि विमा या गोष्टी आवश्यक केल्या. इंजिन नसलेल्या साध्या नावांचीही जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायत पातळीवर नोंद व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. अपघात झाल्यास नजीकच्या पोलीस ठाण्याला व संबंधित प्राधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पारंपरिक नावांवर पोट असलेल्यांना साहाय्य आणि आपत्कालीन सज्जता यांसारख्या कामांसाठी राज्याने विकास निधी उभारावा, अशीही तरतूद आहे. त्याआधी २०१७ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेबाबत सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. कागदावर, थोडक्यात, काहीच उणे नाही.

उणीव आहे ती धन्याची. या जलाशयाकडे एकेका खात्याच्या नजरेने पाहावे. धरण व पाणी जलसंपदा विभागाचे. मासळीचा संबंध मत्स्यव्यवसाय विभागाशी. वाळू महसूल खात्याची. पक्षी वन विभागाचे. बोटींची तपासणी व नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्य कार्य साहजिकच समुद्रकिनाऱ्यावरील बंदरांचे. धक्का बहुधा ग्रामपंचायतीच्या हद्दीत. गुन्हा नोंदवायचा तर कुगावचा काठ सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे आणि कळाशीचा काठ पुणे ग्रामीण पोलिसांकडे. किनारी जिल्ह्यांत सागरी पोलीस ठाणी उभारली गेली, गस्ती नौका आल्या. पण ती योजना समुद्रासाठी होती, नदी-जलाशय तिच्या कक्षेत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी तळेगावनजीकच्या सुदुंबरे येथून, सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरून, येते. ती बुडालेल्यांना शोधण्यासाठी येते. बुडणाऱ्यांना वाचवण्याइतका वेळ तिला मिळूच शकत नाही.

एवढे मालक असलेल्या पाण्यावर सायंकाळी वारा सुटलेला असताना 'आता बोट सोडू नका' असे सांगण्याचा अधिकार आणि कर्तव्य नेमके कोणाचे? या प्रश्नाचे एका नावात, एका पदात उत्तर देता येत नाही, तोवर कायद्याची प्रत्येक ओळ निराधार आहे.

वाळूच्या बोटी आणि माणसांच्या बोटी

शासनाला पाण्यावर उतरताच येत नाही, असे कोणी म्हणेल तर इंदापूर आणि दौंड तालुक्यांतील लोक हसतील. भीमेच्या पात्रातून व उजनीच्या फुगवट्यातून होणाऱ्या बेकायदा वाळूउपशाविरुद्ध महसूल व पोलीस खात्यांनी वर्षानुवर्षे कारवाया केल्या आहेत. वाळू उपसणाऱ्या फायबरच्या यांत्रिक बोटी पथकांनी पाठलाग करून पकडल्या, काही बुडवल्या, काही जिलेटिनच्या स्फोटाने उडवून दिल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्यासाठी दंडाचे व जप्तीचे अधिकार दिले आहेत. ही कारवाई योग्यच होती. वाळूउपशाने नदीचे पात्र विद्रूप झाले, काठावरील शेती धोक्यात आली आणि गुंडगिरी माजली. लहान आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीज ओरबाडणाऱ्यांविरुद्धही स्थानिक मच्छीमारांच्या मागणीवरून वेळोवेळी कारवाई झाली. तीही योग्यच.

परंतु यातून एक गोष्ट सिद्ध होते. खबर काढणे, बोट गाठणे, ती ताब्यात घेणे, पंचनामा करणे हे सारे या पाण्यावर करता येते. वाळूच्या बोटीचा माग काढू शकणाऱ्या यंत्रणेला उघड्या धक्क्यावरून, ठरलेल्या वेळी, तिकीट घेऊन सुटणारी प्रवासी बोट दिसत नाही असे कसे म्हणावे? दिसते, पण ती बोट पाहणे हे कोणाच्या कामात मोडत नाही. वाळूत महसूल आहे, मासळीत उत्पन्न आहे. माणसाच्या ये-जा करण्यात शासनाला मिळण्यासारखे काही नाही, जबाबदारी तेवढी आहे. आणि जबाबदारी घ्यायला कोणतेही खाते आपण होऊन पुढे येत नाही.

अंमलबजावणीचा अर्थ केवळ बंदी आणि जप्ती असा केल्यामुळे दुसरेही नुकसान होते. दुर्घटनेनंतर काही दिवस बोटी थांबवणे हा सोपा उपाय असतो. परंतु ज्याला पलीकडे जायचेच आहे तो थांबत नाही. उजेडात धक्क्यावरून जाणारी बोट मग आडवाटेने, अंधारात, अधिक धोका पत्करून जाते. वाळूची बोट नष्ट करणे हे त्या कायद्याचे यश असू शकेल. प्रवासी बोट नष्ट होणे हे नौका सुरक्षेच्या कायद्याचे यश नव्हे. ती सुखरूप पोहोचणे हे यश.

इतरत्र काय घडले

आपल्याच राज्यातील गेल्या काही वर्षांवर नजर टाकली तरी चित्र स्पष्ट होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा अंत झाला. क्षमतेहून अधिक माणसे तीत चढली होती. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच आप्तपरिवारातील ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील गणपूर येथील महिला मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी वैनगंगा ओलांडत असताना नाव बुडाली व सहा जणींचा बळी गेला. या तिन्ही ठिकाणी बुडालेली माणसे पर्यटक नव्हती. पूर, आप्तांचे दुःख आणि पोटाची खळगी त्यांना पाण्यावर घेऊन गेली होती.

मोठ्या शहराच्या दारातही याहून वेगळे घडले नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण मरण पावले. धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हता. पण ८४ प्रवासी व ६ कर्मचारी इतकीच परवानगी असलेल्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती, हेही तेव्हाच उघडकीस आले. नोंदणी, परवाना, सागरी मंडळ, बंदर अधिकारी सर्व हाकेच्या अंतरावर असताना असे घडते, तर उजनीच्या काठाचे काय बोलावे?

केरळचा अनुभव अधिक बोलका आहे. त्या राज्याकडे १९६८ पासून स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे. तरीही २००२ साली कुमरकोम येथे २९, २००७ साली तट्टेकाड येथे सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांसह १८, २००९ साली तेक्कडी येथे ४५ आणि २०२३ साली तानूर येथे २२ जण बुडाले. प्रत्येक वेळी चौकशी झाली. तानूरची बोट सूर्यास्तानंतर प्रवासी घेऊन निघाली होती आणि मुळात ती मासेमारीची नाव होती. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. सर्वांच्या अंगात जाकिटे नव्हती. स्थळे बदलतात, भाषा बदलतात. कारणांची यादी मात्र तीच राहते. जास्त माणसे, नसलेली जाकिटे, अवेळ, अपात्र बोट, आणि धक्क्यावर थांबवणारा कोणी नाही.

आशेला जागा देणारे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने कांदाटी खोऱ्यातील गावे तोडली, तेव्हा तापोळा, बामणोली परिसरात सातारा जिल्हा परिषदेने लाँच व वाहने नेणारा तराफा यांची सेवा चालवली. ती सेवा परिपूर्ण होती असे नाही. नादुरुस्ती, अपुरी फेरी या तक्रारी तेथेही झाल्या. पण धरणाने तोडलेल्या माणसाला पाण्यावरून नेणे हे सार्वजनिक संस्थेचे काम आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. कोयनेकाठी जे मान्य झाले ते उजनीकाठी अमान्य करण्याचे कारण दिसत नाही.

काय करता येईल

पहिले काम म्हणजे जबाबदारीला नाव देणे. उजनीचे पाणी तीन जिल्ह्यांत असले तरी जलाशय एक आहे. म्हणून त्यावरील नौका सुरक्षेसाठी प्राधिकारीही एक असावा. २०२१ च्या कायद्यानुसार राज्य शासनाला असे अधिकार सोपवता येतात. तो अधिकारी मुंबईत नव्हे, तर इंदापूर किंवा करमाळा येथे बसणारा असावा आणि धक्क्यावरच्या माणसाला त्याचे पद व दूरध्वनी ठाऊक असावेत.

दुसरे काम मोजणीचे. आज या पाण्यावर किती बोटी आहेत, त्यांतल्या किती माणसे वाहतात, हे प्रथम गावागावांतून नोंदवले पाहिजे. प्रत्येक बोटीवर ठळक क्रमांक, माणसांची कमाल संख्या आणि बोट किती बुडेपर्यंत भरावी हे दाखवणारी पांढरी रेघ रंगवावी. ती रेघ पाण्याखाली गेली की अडाणी माणसालाही बोट जास्त भरल्याचे कळते. त्यासाठी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरे, जाकिटे धक्क्यावर असावीत, बोटीत नव्हे. आणि ती घातल्याशिवाय कोणाला बोटीत चढू देऊ नये. लहान मुलांच्या मापाची जाकिटे वेगळी हवीत, कारण मोठ्यांच्या जाकिटातून मूल निसटते. दिवसाला मोजक्या फेऱ्या करून थोडेसे भाडे मिळवणाऱ्या नावाड्यावर हा सारा खर्च टाकला तर तो नियम चुकवील, हे उघड आहे. जाकिटे ग्रामपंचायतीच्या मालकीची असावीत व त्यांचा खर्च कायद्याने सुचवलेल्या निधीतून व्हावा. करोडो रुपयांच्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला हा भार जड नाही.

चौथे, वाऱ्याची सूचना. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी इशारे आता प्रत्येक भ्रमणध्वनीवर येतात. पण धक्क्यावर एक काठी आणि एक लाल निशाण असावे, आणि निशाण वर असताना बोट सुटू नये. एप्रिल ते जून या काळात दुपारनंतरच्या फेऱ्यांवर विशेष बंधन असावे; सूर्यास्तानंतर मुळीच फेरी नसावी. रुग्ण नेण्यासारख्या निकडीच्या प्रसंगासाठी वेगळी, सुसज्ज बोट दोन्ही काठांना मिळून एक तरी ठेवता येईल.

पाचवे आणि सर्वांत मोलाचे म्हणजे काठावरची माणसे. कुंभारगाव-डिकसळ परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी पर्यटक येतात तेव्हा स्थानिक मच्छीमारच त्यांना होडीतून नेतात. या मंडळींना पाण्याचा तळ, वाऱ्याची दिशा, गाळाची जागा कोणत्याही अधिकाऱ्याहून अधिक कळते. दुर्घटना घडते तेव्हा प्रथम धावतात तेही तेच. त्यांना प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि मानधन देऊन या जलाशयाचे राखणदार करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय आहे. बारामतीने सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेचा पूर पाहिला आहे; नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांना तेव्हा हलवावे लागले. अशा वेळी हेच प्रशिक्षित नावाडी शेजारच्या तालुक्यांनाही उपयोगी पडतील. बोट चालवणाऱ्याकडे आरोपी म्हणून पाहण्याऐवजी सहकारी म्हणून पाहिले, तर कायदा त्याला आपला वाटेल.

आपल्यालाही काही करायचे आहे. बोटीत आणखी दोन माणसे 'बसतील हो' असे म्हणणारे आपणच असतो. जाकीट घालायला लाजणारे, वारा सुटलेला दिसत असूनही 'लवकर सोड' म्हणून नावाड्याला घाई करणारेही आपणच. शाळांच्या सहली नेणारे शिक्षक, यात्रेला नेणारे संयोजक, संस्थांचे चालक यांनी तट्टेकाड आणि हरणी ही दोन नावे विसरू नयेत. बोटीची क्षमता किती, जाकिटे किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय एकाही मुलाला बोटीत बसवू नये. हे विचारायला परवाना लागत नाही.

कळाशीच्या पाण्यात गेलेली दोन लहान मुले कोणत्याही निष्काळजीपणात सामील नव्हती. नियम, परवाना, क्षमता हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. आईवडिलांचा हात धरून ती बोटीत बसली, आणि आईवडील बसले ते दुसरी सोयीची वाट नव्हती म्हणून. त्यांच्या मृत्यूचा जाब एका नावाड्याकडे मागता येणार नाही. तोही त्याच पाण्यात गेला. जाब मागायचा तर तो ज्या व्यवस्थेने रस्ता बुडवला, बोट सुटताना पाहिली आणि डोळे दुसरीकडे वळवले, तिच्याकडे. पुढचा एप्रिल येईल, पाणी उतरेल, पळसनाथाचे शिखर वर येईल आणि सायंकाळी वारा सुटेल. त्या सायंकाळी धक्क्यावर लाल निशाण घेऊन कोणी उभा असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो माणूस नेमणे आजही आपल्या हाती आहे.